अक्कलदाढ आणि शिक्रा

दातांची डॉक्टरीण अध्यक्षांच्या अक्कलदाढेला भूल देत होती खरी, पण तिचे कान पाठीमागच्या खिडकीकडे लागले होते.

"अगं, त्यांच्या तोंडात बघ. खिडकीत काय ठेवलंय?" सासूबाईंनी चिमटे मांडता मांडता टोकलं. सासूबाई निवृत्त नर्स. घरी बसून हाडं गंजतात म्हणून सुनेच्या दवाखान्यात रोज हजर, आणि सुनेला टोकायची संधी त्यांनी अजून एकदाही सोडलेली नव्हती.

खिडकीत झाड होतं. दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेलं, गच्च पानांचं. अकरा वाजता ते कापायचं होतं, आणि कापायचा हुकूम सोडणारे सोसायटीचे अध्यक्ष आत्ता तिच्याच खुर्चीत आ वासून पडले होते. घड्याळात अकराला दहा कमी होते.

गेल्या वर्षीही हे झाड कापायचं ठरलं होतं. तेव्हा डॉक्टरणीने "झाडावर शिक्रा आहे!" म्हणून गहजब केला. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा ससाणा, शहरात आपल्या डोक्यावर राहतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. कापणी थांबली. तीन आठवड्यांनी कळलं की तो शिक्रा नाही, पावशा! कोकिळेच्या जातीचा, पण हुबेहूब शिक्र्याच्या रूपाचा. लहान पाखरंसुद्धा त्याला ससाणा समजून त्याच्या मागे लागतात. पण पाखरं फसली तर कोणी हसत नाही, डॉक्टरीण फसली तर अख्खी इमारत हसते. त्यात न कापलेली एक फांदी नेमकी अध्यक्षांच्या गाडीवर पडली. तेव्हापासून तिचं नाव पडलं पावशाबाई.

दुधाने तोंड पोळलेली ही बाई आता ताकही फुंकून पीत होती. तिने स्वतःला नियम घातला होता : आधी खुणा, मग नाव. गेले चार दिवस काहीतरी राखाडी त्या झाडात ये-जा करत होतं. वहीत तिने लिहिलं होतं : शेपटीवर पट्टे. पण ते दोघांनाही असतात. पाठ राखाडी, तीही दोघांची. चोच पानांआड. नावाचा रकाना कोराच होता. आणि परवाच्या बैठकीत अध्यक्षांनी सर्वांसमोर बजावलं होतं, "शिक्र्याचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लागणार नाही. पण या वेळी पाखरू मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार!"

खाली करवत एकदा घुरघुरून बंद पडली. अध्यक्षांच्या गालात कापूस, जीभ बधिर, दाढ निम्मी हललेली. आता पाठ फिरवून खिडकीशी उभं राहणं म्हणजे पेशाशी बेइमानी. ती मुकाट्याने दाढेवर वाकली.

तेवढ्यात अध्यक्षांनी हात उंचावला. डोळे विस्फारलेले, बोट खिडकीकडे.

"दुखतंय का?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली, नाही. खुर्चीचं तोंड खिडकीकडे, तेव्हा दिसत होतं ते फक्त त्यांनाच. "ऊं! ऊं!"

"आई, कागद द्या! आणि अध्यक्ष, नाव नको हं. फक्त काय दिसतंय तेवढं लिहा!"

सासूबाईंनी औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड त्यांच्या छातीवर ठेवलं. अध्यक्षांनी आडवंतिडवं खरडलं : डोळा लाल. चोच आकड्यासारखी. दोन्ही खुणा शिक्र्याकडे झुकणाऱ्या. मग त्यांनी खाली आणखी दोनच शब्द लिहिले.

पायात काडी.

"काडी?" डॉक्टरीण किंचाळलीच. चिमटा ट्रेमध्ये ठेवून ती गर्रकन वळली. पानांच्या बेचक्यात तो बसला होता, गळ्यावर मधोमध बारीक रेघ, छातीवर तांबूस आडवे पट्टे, आणि पंजातली काडी तो वाकून घरट्यात खोचत होता. "आई, काडी आणली त्याने! पावशा जन्मात घरटं बांधत नाही, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकून मोकळा होतो. हा शिक्रा आहे. शिक्राच!" तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आणि ओळखला कोणी, तर ज्यांनी झाड कापायला लावलं त्यांनीच," सासूबाई म्हणाल्या. "अक्कलदाढ निघायच्या आत कामाला आली म्हणायची."

करवत पुन्हा सुरू झाली. खालचा माणूस दोर कमरेला बांधून खोडाला भिडला होता. डॉक्टरणीने खिडकी उघडून जिवाच्या आकांताने हाक मारली, पण करवतीपुढे तिचा आवाज पोचेना. आणि पोचला असता तरी पावशाबाईचं कोण ऐकणार?

मागे खुर्ची करकरली. वळून बघते तो खुर्ची रिकामी, आणि जिन्यात धाडधाड पावलं.

ती खिडकीतून वाकली. खाली अध्यक्ष गळ्यात दवाखान्याचं फडकं, गालात कापूस, दाढ अजून अर्धवट, अशा अवतारात दोन्ही हात पसरून खोडाला पाठ लावून उभे होते. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ती चिठ्ठी करवतवाल्याच्या नाकासमोर धरली. करवत थांबली.

सासूबाईंनी वही सुनेच्या हातात दिली. "लिही आता, पावशाबाई. नावाचा रकाना भर."

डॉक्टरणीने नाव लिहिलं. शेजारच्या ‘कोणी पाहिला’ या रकान्यात तिने अध्यक्षांचं नाव आधी लिहिलं आणि मग स्वतःचं.