कपाटातल्या जास्वंदीची तक्रार

मी एक जुनी जास्वंद आहे. कुंडीतली, आणि सध्या कुलूपबंद कपाटातली. अशा वेळी 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. नाहीतर तुमची माझी मैत्री कसली? दर वर्षी तुम्ही माझी पानं तोडता, उकळता आणि वर टाळ्या वाजवता.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं हे कपाट. माझ्या एका बाजूला बरणीतला बेडूक, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचं हृदय. तुमच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात लिहिलंय की सजीव श्वास घेतात, वाढतात, त्यांना अन्न लागतं. तसं पाहिलं तर या कपाटात सजीव मी एकटीच. पण कपाटाला कुलूप लावून गेलेल्यांनी तो धडा स्वतः वाचला असेल तर शपथ!

बारा वर्षांपूर्वी मामानं कुठूनशी वीतभर फांदी आणली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचली. मामा म्हणजे प्रयोगशाळेतला शिपाई. परीक्षानळ्या धुणं, बर्नर पेटवणं, फुटलेल्या काचा गोळा करणं हे त्याचं काम. "लाग गं बये, लाग," असं म्हणत तो रोज डब्यात डोकवायचा. मी लागले. त्यात त्याचं काय कौतुक? फांदीच चिवट होती. पण तो आल्यागेल्याला सांगत सुटला, "माझ्या हाताची आहे ही!" पाणी तर असं घालायचा की माझी मुळं कुजायचीच बाकी होती. माया करायची अक्कल नसली की माणसं पाणी ओततात, दुसरं काय!

पुढं मला कुंडी मिळाली आणि नोकरीही लागली. नोकरी कसली, छळच तो. आम्ही झाडं आमचं अन्न स्वतः शिजवतो. ऊन, पाणी आणि हवा, बस्स. जास्तीचं अन्न पानात स्टार्च करून साठवतो आणि अंधार पडला की त्यातलं वापरतो. हे तुम्हाला पटावं म्हणून मला आधी दोन दिवस अंधारात कोंडायचं. साठवलेलं संपलं की बाहेर काढायचं, एका पानाला मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावायची आणि दुपारपर्यंत उन्हात ठेवायचं. मग ते पान खुडून पाण्यात उकळायचं, स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग घालवायचा आणि वर आयोडीन ओतायचं. ऊन लागलेला भाग निळाकाळा होतो, पट्टीखालचा होत नाही. ऊन नाही तर अन्न नाही, एवढंच. मला विचारलं असतं तर तोंडी सांगितलं असतं!

जुन्या सरांच्या काळात हे सगळं बिनबोभाट चालायचं. सर शुक्रवारी मला कपाटात ठेवायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि सोमवारी सकाळी काढायचे. शनिवार-रविवार मी जुन्या साठ्यावर काढायची. दोन दिवसांनी काही जीव जात नाही माझा.

सर निवृत्त झाले आणि बाई आल्या. जीभ अशी की स्पिरिट परवडलं. त्यांनी कपाटाची किल्ली मामाकडे दिली. आणि त्याच वर्षी मामाची बायको गेली.

पुढचं फक्त मला ठाऊक आहे. शनिवारी शाळेत चिटपाखरू नसताना मामा आला, कपाट उघडलं, मला उचलून खिडकीत ठेवलं आणि समोर जेवणाचा डबा उघडून बसला.

"तिला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं," तो म्हणाला. "आज करू, उद्या करू म्हणत दोन दिवस. पाणीसुद्धा नाही दिलं. सारखी म्हणत होती, भूक लागलीय हो. आणि मी म्हणत होतो, डॉक्टर सांगतात तसं ऐकावं. तशीच गेली." मग त्यानं डोळे पुसले. "तू खा गं बये. मी नाही कुणाला सांगत."

अरे बाबा, मला ठेव आत! असं मी ओरडायला हवं होतं, पण झाडाला तोंड कुठं असतं? समोर ऊन आलं की पान शिजवायला लागतं, ते काही माझ्या हातात नाही. दोन्ही दिवस मी पोटभर जेवले. रविवारी संध्याकाळी त्यानं मला गुपचूप परत आत ठेवलं.

सोमवारी पट्टीखालचा भागही निळाकाळा झाला. अख्खं पान! मुलं हसली. बाईंनी आयोडीनला दोष दिला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी मामाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "कागद पातळ आणता, बाटल्या नीट धूत नाही! लक्ष कुठं असतं तुमचं? पुढच्या खेपेला फसलं तर प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवीन. आणि हे झाड उकिरड्यावर!"

घरी आता मामाचं कुणी नव्हतं. त्याचं सगळं जग त्या खोलीत होतं. हे त्याला कळत होतं. तरीही तिसऱ्या वर्षी शनिवारी तो आलाच. मला त्याचा असा संताप आला की काय सांगू! मूर्ख माणसा, तुझ्याच पायावर धोंडा पाडून घेतोयस! पण तो खिडकीत मला फिरवून नीट ऊन लागेल असं ठेवत होता.

त्या सोमवारी बाईंनी नवं आयोडीन आणलं, जाड कागद आणला, पट्टी स्वतः लावली. दुपारी पान बशीत पसरलं. पुन्हा अख्खं निळंकाळं. 

तेवढ्यात पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. "बाई, आजचं ऊन पट्टीखाली गेलं नाही. म्हणजे तिथला स्टार्च आधीचाच आहे. मग झाड दोन दिवस अंधारात नव्हतंच!"

शाबास गं पोरी. पुराव्यावरून कसं बोलावं ते तुला बरोबर कळलं. आणि पुरावा कोण? मी! ज्यानं मला खाऊ घातलं त्याची चहाडी माझ्याच पानानं केली. पानाला खोटं बोलता येत नाही, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

बाई हळूच वळल्या. "मामा, किल्ली तुमच्याकडे होती ना?"

मामानं हातातलं फडकं पिळलं. "उपाशी होतं हो ते, बाई."

वर्ग फुटला हसून. हो, तुम्हीच ते! चष्मेवालीसुद्धा हसली. "झाड उपाशी होतं!" म्हणत तुम्ही आठवडाभर जिन्यात एकमेकांना चिडवत होता. बाई मात्र हसल्या नाहीत. "माझी तीन वर्षं नासवलीत तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि हात पुढं केला. मामानं किल्ली दिली आणि खाली फाटकावर गेला. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला उकिरड्यावरच टाकणार, अशी त्याची खात्री होती. कुणाला विचारायची त्याची हिंमत झाली नसावी. फाटक पुढच्या बाजूला, माझी खिडकी मागच्या. वर्षभर ना त्यानं मला पाहिलं, ना मी त्याला.

पण मला टाकलं नव्हतं. बाईंना प्रयोग बरोबर करून दाखवायचा होता. यंदा शुक्रवारी त्यांनी स्वतः मला इथं ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सोमवारी बाई आल्याच नाहीत. जिन्यावरून पडल्या, पाय मोडला, म्हणे. नवे सर आले आहेत. "प्रयोग पुस्तकात दिलाय, चित्र काढा," असं ते म्हणाले. तुमच्या यंदाच्या वर्गानं चित्रं काढली. माझंच चित्र! मी इथं, हातभर अंतरावर, आणि तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की हे झाड गेलं कुठं.

आज अकरावा दिवस. साठा केव्हाच संपला. आधी खालची पानं पिवळी पडली, आता वरचीही गळताहेत. माती कोरडी ठक्क आहे. किल्लीच्या भोकातून उजेडाचा एक ठिपका येतो आणि बेडकाच्या बरणीवर पडतो. मेलेल्याला ऊन आणि मला अंधार, काय हा न्याय!

कुंडीतल्या जिवाची काळजी घ्या वगैरे उपदेश मी करणार नाही. तुमच्याकडून तेवढी अपेक्षाच नाही माझी. एकच काम करा. शाळा सुटल्यावर फाटकातून जाताना तिथं स्टुलावर बसलेल्या माणसापाशी थांबा. मी त्याची आठवण काढली असं त्याला अजिबात सांगू नका, नाहीतर उगाच चढून बसेल. फक्त एवढंच सांगा, की झाड कपाटात आहे.

आणि उपाशी आहे. हे मात्र न हसता सांगा.