काळ्या पडद्यावरचं श्री

यंत्राला थेट हुकूम सोडण्याची विद्या ज्या क्षणी माणसाच्या बोटांत उतरली, त्या क्षणी मानवजातीच्या इतिहासात नवं युग सुरू झालं. जुळे सोलापुरात ते गुरुवारी दुपारी दोनला सुरू झालं आणि यंत्राने पहिलाच हुकूम ओळखायला साफ नकार दिला.

हुकूम होता ‘shri’. निवृत्त शिक्षिका गोदावरीबाई कोऱ्या पानावर आधी श्री लिहितात. पडदा काळा म्हणून काय झालं?

संगणक त्यांच्या यजमानांचा, गोपाळरावांचा. ते जाऊन सात महिने झाले. आपला आवाज भरून ठेवलाय, असं ते एकदा म्हणाले होते. कुठे, ते सांगायचं राहिलं. आता यंत्रही आजारी. एक काळी चौकट तेवढी उघडायची. मुलगा अवधूत पाचला येऊन सगळं पुसणार होता. त्याच्या मते आत काहीच नव्हतं.

शेजारच्या चेतनाने तीन हुकूम कागदावर लिहून दिले होते. dir म्हणजे इथे काय काय आहे ते दाखव. cd आणि पुढे कप्प्याचं नाव, म्हणजे त्यात शिर. copy म्हणजे नक्कल; ती उतरवायला पेनड्राइव्ह लावून त्याचं अक्षरही तिने कागदावर लिहिलं होतं. पुसायचा हुकूम तिने विचारूनही सांगितला नाही.

बाई कप्प्यांत शिरत गेल्या. दर कप्पा नवं पान, म्हणून आधी shri. दर वेळी तेच उत्तर, असा हुकूम माहीत नाही. बाईंना त्याचं काही वाटेना. वर्गात अशी मुलं असतात.

चौथ्या कप्प्याचं नाव नुसतंच G. तिथे shri लिहिल्यावर यंत्र थांबलं. मग इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: ‘आलीस व्हय?’

बाईंनी मागे पाहिलं. पलंग, भिंत, पंख्याच्या वाऱ्याने हलणारं कॅलेंडर. ही माढ्याकडची बोली घरात एकच माणूस बोलायचा.

‘श्री लिहिल्याबिगर तू ऱ्हाणार न्हाईस. म्हणून हुकमाचं नावच श्री ठेवलं. आता कुठलीबी कळ दाब.’

त्यांनी दाबली. स्पीकर खरखरला. कुणीतरी घसा खाकरला, अगदी शेजारच्या खुर्चीत बसून खाकरावं तसा.

“गोदा, मी हितंच हाय.”

“कुठं?” बाईंनी विचारलं.

उत्तराला लागावा तेवढाच वेळ गेला.

“आधी कॉपी कर. पोरगा पुसंल.”

बाईंनी dir करून आवाजाचं नाव शोधलं. copy, ते नाव, पेनड्राइव्हचं अक्षर. एक फाइल उतरली, असं यंत्राने कळवलं.

“झालं?” आवाज म्हणाला.

“झालं.”

“मग उठताना पंखा तेवढा बंद कर की.”