आवराआवर

"आधी हे सरळ करू का?" असं विचारता विचारताच तिने टेबलावरचा वाळूचा ट्रे भिंतीशी समांतर करूनही टाकला.

समुपदेशक बाई हसल्या. "करा की."

"सवय हो. वाकडं काही दिसलं की हात शिवशिवतात."

ती हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायची. आदल्या पाहुण्याची खूण खोलीत राहता कामा नये, हा तिथला नियम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चादरीला सुरकुती नाही, आरशावर बोट नाही, मोरीच्या जाळीत केस नाही. सोबतच्या बायका तिला 'चकाचक' म्हणत. "हिच्या खोलीत भूत राहून गेलं तरी कळायचं नाही," अशी तिची कीर्ती होती.

घरी मात्र या चकाचकची झोप उडालेली. साडेतीन वर्षांची लेक झोपली की ही तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची. श्वास बोटाला लागला नाहीसं वाटलं, की गदागदा हलवून उठवायची. पोर दिवसभर किरकिरायची. नवरा काकुळतीला येऊन म्हणायचा, "अगं, झोपू दे की तिला!" शेवटी मुलांच्या डॉक्टरांनीच तिला इकडे धाडलं.

आधीच्या भेटींत ती नुसतीच बोलली होती. लेकीचा खोकला, लेकीचा ताप, शाळेच्या जिन्याला नसलेला कठडा. आज बाईंनी ट्रे पुढे केला. निळ्या तळाचा, मऊ वाळूने भरलेला. भिंतीवरच्या फळ्यांवर चिमुकल्या वस्तू होत्या: माणसं, जनावरं, घरं, कुंपणं, शिंपले, बटणं.

"वाटेल ते घ्या, वाटेल तसं मांडा. इथे चूक-बरोबर काही नाही."

"आणि मग तुम्ही अर्थ सांगणार?"

"छे. अर्थ तुमचा. मी सोबत बसणार."

"घ्या! घरी सासूबाई सगळ्याचाच अर्थ सांगतात, आणि तुम्ही कशाचाच नाही."

तिने एक घर उचललं, कोपऱ्यात ठेवलं. त्याला कुंपण घातलं. मग बराच वेळ फळ्यांपुढे उभी राहिली. अक्रोडाचं अर्धं कवच दिसलं, तशी तिने ते पटकन मुठीत घेतलं, कुणी बघेल अशा घाईने. घराजवळच्या वाळूत अंगठ्याने एक खळगा केला आणि कवच त्यात अलगद टेकवलं. एक बाहुली घेतली, ती ठेवली पार दुसऱ्या टोकाला.

"ही बाई फार लांब उभी आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"ती दवाखान्यात आहे."

मग ती वाळूकडे बघतच बोलू लागली. पहिला मुलगा. दिवस भरायच्या आधीच आला, जरासा थांबला आणि गेला. ती घरी परतली तेव्हा पाळणा नव्हता. दुपटी नव्हती, टोपडं नव्हतं, पाळण्यासाठी छताला लावलेला हूकसुद्धा नव्हता. सासूबाईंनी सगळं आवरून टाकलं होतं. दिसलं तर हिचा जीव तुटेल, म्हणून.

"कुणी वाईट नाही हो वागलं. घर नुसतं चकाचक होतं. मी खोली आवरते ना, तसं. जणू कुणी आलंच नव्हतं."

 बाई सोबत बसून राहिल्या, आणि ते तिला बरं वाटलं.

वेळ संपली तसा तिचा हात सवयीने कुंपणाकडे गेला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "हे तसंच ठेवून जायचं."

"असाच पसारा?"

"असाच."

दारातून तिने दोनदा वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी न आवरता निघाली होती.

बाहेर सासूबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. तिघी जिना उतरल्या आणि पोरीने भोकाड पसरलं. "माझी बाटली!" पाण्याची बाटली हिच्याच हातून वर राहिली होती, बाईंच्या खोलीत खुर्चीखाली. ती धावत वर गेली आणि दार न वाजवताच आत शिरली.

बाई ट्रेवर वाकल्या होत्या. घर फळीवर गेलं होतं. कुंपण टोपलीत होतं. आणि बाईंच्या तळव्यावर अक्रोडाचं कवच होतं.

"तुम्हीसुद्धा?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

बाईंचा चेहरा उतरला. "पुढचं माणूस येण्याआधी मला मांडणी काढावी लागते. माणूस गेल्यावरच काढते, त्याच्यासमोर कधीच नाही. पण हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

"ठेवा ते. होतं तिथे ठेवा."

बाईंनी कवच परत खळग्यात ठेवलं. अगदी हळू.

"मी आवरते," ती म्हणाली. "माझं मी आवरते."

बाहेर पावलं वाजली. बाईंनी दार किलकिलं करून कुणाला तरी थांबायला सांगितलं आणि लोटून घेतलं.

हॉटेलात खोली हा हा म्हणता आवरणारी ती, आज तिचा हात उचलत नव्हता. बाहुलीच्या तोंडावरची वाळू तिने पदराने पुसली, मग तिला फळीवर ठेवलं. कवच शेवटी राहिलं. त्याच्या तोंडाशी तिने बोट धरलं, लेकीच्या नाकाशी धरायची तसं. बराच वेळ धरून ठेवलं.

"नाही ना," ती पुटपुटली.

मग कवच उचलून स्वतःच्या हाताने फळीवर ठेवलं. पुढच्या रांगेत.

वाळूत खळगा तेवढा उरला.

"वाळू मी सारखी करणार नाही," ती म्हणाली. "ती तुम्ही करा. मी गेल्यावर."

खाली येईपर्यंत पोर आजीच्या खांद्यावर झोपून गेली होती. सासूबाई कुरकुरल्या, "बाटली आणायला गेलीस की विहीर खणायला?" मग तिचे डोळे बघून चालू लागल्या.

"आई, तेव्हा ते सगळं तुम्ही एकटीनेच आवरलंत?"

कधी, काय, असं सासूबाईंनी विचारलं नाही. थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "एकटीनंच. तुझ्या नवऱ्याला म्हटलं, तू दवाखान्यात तिच्यापाशी थांब." नातीला थोपटणारा हात क्षणभर थबकला. "उचलताना पाळणा हलत होता गं. धरला तरी हलत होता."

 सवयीने तिचं बोट लेकीच्या नाकाकडे निघालं आणि अर्ध्यावरच थांबलं.

"द्या, मी घेते तिला."

"राहू दे. उठेल ती."

तिने हात मागे घेतला. बाटली पोटाशी धरून, सासूबाईंच्या पावलाला पाऊल जुळवत, ती सावकाश चालत राहिली.