पाण्यात सुटलेला हार

किर्यू गावात सुयांच्या विश्रांतीचा दिवस उजाडला, तेव्हा तेत्सुरो आपल्या छोट्या कारखान्याच्या पडवीत कोमट पाण्याच्या घमेल्यासमोर गुडघे टेकून बसला होता. वर्षभर राबलेल्या सुयांना या दिवशी विसावा द्यावयाचा, मोडक्या सुया मऊ टोफूत खोचून देवळात अर्पण करावयाच्या आणि घरात एकही टाका घालावयाचा नाही, हा नियम त्याची दिवंगत पत्नी मिसाओ हिने आजन्म निष्ठेने पाळला. हात मात्र तिला स्वस्थ बसू देत नसत. म्हणून या दिवशी ती लहानग्या लेकीस, सानाएस, जवळ घेऊन नुसत्या बोटांवर दोऱ्या विणीत बसे. तिच्या पश्चातही भरतकामाचे यंत्र आदल्या संध्याकाळीच पांढऱ्या कापडाखाली झाकले जाई.

परंतु धुणे म्हणजे काही शिवणे नव्हे. उद्या सानाएचे, त्याच्या एकुलत्या एका कन्येचे, लग्न होते. धातूचा स्पर्श होताच तिच्या मानेवर लाल चट्टे उठत. त्यामुळे सोने वर्ज्य, चांदीही वर्ज्य. म्हणून तेत्सुरोने तिच्यासाठी धाग्याचाच हार भरला होता. पाण्यात विरघळणाऱ्या पातळ पडद्यावर यंत्राने फुले भरावयाची, मग ते सारे पाण्यात सोडावयाचे. पडदा नाहीसा होतो आणि मागे केवळ नाजूक जाळी उरते. हीच त्याची आयुष्यभराची विद्या. धागा होता मिसाओने स्वहस्ते रंगविलेल्या फिकट जांभळ्या रेशमाचा, आणि ते तिचे शेवटचे रीळ या हारातच संपले होते.

त्याने हार हलकेच पाण्यात सोडला. पडदा विरघळला. मग एका फुलाची पाकळी सैल झाली, पाठोपाठ दुसरी, आणि बघता बघता हाराच्या जागी ओल्या रेशमाचा गुंता तेवढा तरंगू लागला.

वरचा धागा शाबूत होता. म्हणजे त्यास खालून धरून ठेवणारा बॉबिनचा धागा विरघळला होता. कच्च्या टाक्यांसाठी पाण्यात विरघळणारा एक पांढरा धागा कारखान्यात असे. तो दिसावयास अगदी साध्या धाग्यासारखा, म्हणून निळ्या डब्यात वेगळा ठेवलेला. आणि या खेपेस बॉबिना भरल्या होत्या सानाएने! "माहेरचं शेवटचं काम आहे बाबा, मला करू द्या," असे म्हणून तिने त्या त्याच्या हातून ओढून घेतल्या होत्या.

इतक्यात मिसाओची धाकटी बहीण काझुए टोफूचे भांडे सांभाळीत आत आली. मागे सानाए होती.

"अगं बाई! भावोजी, सकाळी सकाळी शेवया भिजत घातल्यात होय?"

"हार होता," तेत्सुरो म्हणाला. "बॉबिन चुकीची लागली. मीच लावली. चष्मा नव्हता डोळ्यांवर."

"तरी सांगत होते, डोळे दाखवून घ्या! मशीनला तेल वेळच्या वेळी, आणि स्वतः मात्र डॉक्टरची पायरी चढायची नाही!"

सानाए घमेल्याजवळ वाकली. पाण्याकडे पाहत तिने हळूच विचारले, "बाबा, धागा कुठल्या डब्यातला होता?"

"आता काय आठवतंय?"

अंधारातही हवी ती सुई अचूक उचलणारा आपला पिता असे म्हणतो, यातच तिला सारे कळून चुकले.

तेत्सुरो लगबगीने उठला आणि त्याने यंत्रावरील कापडास हात घातला. "दुसरं रेशीम आहे. संध्याकाळपर्यंत होईल."

"आज?" काझुए ओरडली. "ताईनं पाहिलं असतं तर?"

"आणि पोरीची मान उद्या ओकीबोकी दिसलेली चालली असती तिला?"

पण कापड काही त्याच्याने ओढवेना. सानाएने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "नको बाबा. आजच्या दिवशी आई काय करायची? रेशीम तर सगळं इथंच आहे."

मग तिघांनी मिळून तो गुंता निथळून घेतला. टोक सापडावयासच बराच वेळ लागला. आकागी डोंगरावरून सुटलेल्या कोरड्या वाऱ्यात रेशीम लवकरच वाळले. त्याचे पदर जुळवून एक टोक तेत्सुरोने मुठीत धरले आणि समोर बसून सानाए दहाही बोटांवर दोरी विणू लागली.

"घट्ट धरा हो भावोजी! उद्या सोडायचीच आहे, आज तरी धरा!"

"तू गप्प बस गं," तेत्सुरो म्हणाला. परंतु त्याने मूठ अधिक आवळली.

टाक्यांतून सुटलेला तो धागा जागोजागी कुरळा झाला होता. त्यामुळे दोरीवर बारीक कळ्यांसारखे उंचवटे उठू लागले. यंत्राच्या फुलांची रेखीव शोभा त्यांस नव्हती. पण रंग मिसाओचाच होता.

विणता विणता, मान वर न करताच, सानाए म्हणाली, "निळा डबा ना, बाबा?"

तेत्सुरो म्हणाला, "त्या डब्यावर मोठी चिठ्ठी लावायची केव्हापासून मनात होतं. माझंच राहून गेलं."

तिच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब दोरीवर पडला. तो तिने बोटाने टिपला आणि ती विणतच राहिली.

शेवटची गाठ मारून झाल्यावर सानाएने हार गळ्याभोवती घेतला आणि दुसऱ्या टोकासाठी हात मागे नेला. ते अजून तेत्सुरोच्या मुठीत होते.

"बाबा, सोडा ना आता."

"थांब, मी बांधतो," तो म्हणाला. तिच्या पाठीशी बसून, चष्मा न लावताच, त्याने एका प्रयत्नात गाठ बांधली.