शुक्रवारची खोळ

"बाबा, शुक्रवारी तुम्ही घरी असता, तेव्हा डोंबिवलीच्या कारखान्यातले मेल जातात कसे?"

पोपटरावांचा घास हातातच राहिला.

खरं तर हा प्रश्न वर्गातल्या मालनने पैजेवर रतनच्या गळ्यात मारला होता. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून रतनच्या जिभेला हाड म्हणून उरलं नव्हतं. केस कशाने काळे करता, हे हेडबाईंना भर ऑफिसात विचारून आलेली पोरगी ती. बाबांच्या कंपनीत आता चिठ्ठ्या नाहीत, मेल असतात, ठाणे-कल्याण-डोंबिवली पापणी लवायच्या आत, हे तिने वर्गात इतक्यांदा सांगितलेलं की पोरी कंटाळलेल्या.

"एवढं भारी आहे, तर सगुणाच्या वडलांना मेल का नाय पोचला?" मालन म्हणालेली. "विचार ना घरी. की डेरिंग नाय?"

सगुणा त्यांच्याच बाकावरची. तिचे वडील धाकू म्हात्रे त्याच कारखान्यात रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायची मोठी टाकी सांभाळायचे. मागच्या शुक्रवारी रिअ‍ॅक्टर उसळला आणि ते तोंडापासून कमरेपर्यंत भाजले. माल बिघडलाय, पुढचं अ‍ॅसिड सोडू नका, असा मेल लॅबने सकाळीच केलेला. तोंडी निरोप बंद, सगळं लेखी, हा कंपनीचा नियमच होता. चौकशीत मेलवरची वेळ बघितली गेली आणि ठरलं, की इशारा वेळेत दिला होता, धाकूनेच वाचून न वाचल्यासारखं केलं. चूक त्याची ठरली, तर दवाखान्याच्या खर्चातून कंपनी हात काढून घेणार होती. आणि धाकूच्या तोंडावर पट्ट्या. बाजू मांडायला जीभ हलत नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर सगुणा तेवढंच घोकत बसलेली, माझा बापूस खोटा नाय, शेडच्या काँप्युटरवर कायच आलं नव्हतं.

रतनला वाटलेलं, बाबा हसतील आणि मालनचं तोंड बंद होईल असं काहीतरी झकास सांगतील. सुरुवात तशीच झाली. पोपटरावांनी ताटातच नकाशा मांडला. चटणी म्हणजे ठाण्याचं वागळे इस्टेटमधलं ऑफिस, लोणचं म्हणजे डोंबिवलीचा कारखाना, मीठ म्हणजे कल्याणचं गोडाऊन. मेलचं मशीन तिन्हीकडे. पण कोण माणूस कुठे बसतो, त्याचा मेल कुठल्या काँप्युटरवर टाकायचा, हे सांगणारी डिरेक्टरी फक्त ठाण्याला, त्यांच्या खोलीत. डोंबिवलीचं मशीन दर मेलला आधी ठाण्याला विचारतं.

"लॅबमधून शेजारच्या शेडमध्ये जायचं असलं, तरी?"

"तरी."

मशीन बसवायला आलेला इंजिनीअर सांगत होता, की प्रत्येक मेल मशीनच्या शेजारी एकेक डिरेक्टरी ठेवा, हे पोपटराव आपण होऊनच बोलून गेले. पण तीन ठिकाणी तीन जण नावं बदलणार, बदली झालेला माणूस एकीकडे आहे नि दुसरीकडे नाही, नसता घोळ. एकच बरी, आपल्या हाताखाली.

रतनचं लक्ष आता जेवणात नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर डिरेक्टरीच्या मशीनवरची खोळ होती. आईने शिवलेली, मरून, पांढऱ्या झालरीची. वागळे इस्टेटला शुक्रवारी सुट्टी, वीज जाते-येते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी बाबा ते डिरेक्टरीचं मशीन बंद करायचे, खोळ घालायचे आणि वर हात जोडायचे. हेसुद्धा तिने वर्गात कौतुकाने सांगितलं होतं. डोंबिवलीचे रिअ‍ॅक्टर मात्र शुक्रवारीही पेटलेले असायचे.

"त्या गुरुवारी खोळ घातलेली?"

आईने, मंदाकिनीबाईंनी, पोळीचा डबा उगाच उघडून बंद केला.

"मग तो मेल गेला कधी, बाबा?"

"शनिवारी," ते म्हणाले. "मी मशीन चालू केल्यावर. अडकलेले सगळे एकदम गेले. वर वेळ मात्र पाठवल्याची येते."

"चौकशीत सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय ना."

आई मधे पडली. घरात कमावणारं माणूस एकच आहे, हे विसरू नकोस, म्हणाली. पोरींच्या पैजेपायी बापाला फासावर चढवतेस का, म्हणाली. रतनने बाबांकडे बघितलं. लोणच्याचं तेल पसरत चटणीला लागलेलं, आणि ते बोटाने पुसत बसलेले, पुन्हा पुन्हा, तेच तेवढं. ज्या माणसाची ती शाळाभर फुशारकी मारत होती, तो कुठे दिसेना. तिला रडू येत होतं, पण वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवल्यासारखा तिने आधी श्वास घेतला.

"उद्या शाळा सुटली की मी दवाखान्यात जाणार," ती म्हणाली. "सगुणाला सांगणार, मेल शनिवारी पोचला. तिथून चौकशीवाल्या साहेबांकडे. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही बोला, मी बाजूला उभी राहीन. नाही आलात, तर मी बोलेन."