चॉकीची तारीख

"वहिनी हायत का?"

फोनवर तरुण बाईचा आवाज होता. भागवत तांबारे खुर्चीत जरा ताठ बसला. "नमस्कार. रेशीम सल्लागार भागवत तांबारे बोलतोय."

"नमस्कार सर. मी मोहनरावांची सून, ऋतुजा. वहिनीला देता का जरा?"

"काय काम होतं?"

"चॉकीच्या तारखेचं बोलायचं होतं."

"मग मला बोला की. तारीख मीच ठरवतो."

पलीकडे कुठेतरी म्हैस ओरडली. "न्हाई," ती म्हणाली, "वहिनीलाच बोलते. हायत का घरात?"

त्याची बायको सुरेखा घरातच होती. अंगणात बसून, भागवतला समोर दिसेल अशी, शेंगा निवडत होती.

"न्हाई. बाहेरगावी गेलीय," भागवत म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

"कुणाचा होता?" सुरेखाने अंगणातून विचारलं.

"राँग नंबर."

भागवत तसा खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण हे खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की त्याला क्षणभर बरंच वाटलं. बायकोच्या नावाने फोन आला आणि आपण तो परतवून लावला, याचा त्याला चक्क आनंद झाला. असा आनंद माणसाला पचत नाही, पण ते त्याला नंतर कळायचं होतं.

भागवत पूर्वी एका कंपनीत रेशीम शेतीची औषधं विकायचा. ती नोकरी सोडून त्याने नेकनूरला स्टँडजवळ खोली घेतली आणि स्वतःच्या नावाचा बोर्ड लावला. त्याचं म्हणणं सरळ होतं. माल विकणाऱ्याच्या सल्ल्यात माल विकण्याचा स्वार्थ असतो, म्हणून आपण पावडर विकायची नाही, जाळी विकायची नाही, फक्त सल्ला द्यायचा. दर बॅचमागे ठरलेली फी घ्यायची आणि एका माणसाला एका मोटारसायकलवर झेपतील तेवढीच शेडं धरायची. स्टँडवरच्या लोकांना हसायला विषय मिळाला. "नुसतं बोलायचे पैसे घेतो म्हणं बे हा." पहिलं वर्ष मेहुण्याच्या आणि चुलतभावाच्या शेडवर गेलं. मग कोष चांगले यायला लागले, बीडच्या कोष बाजारात त्याच्या शेतकऱ्यांच्या मालाला बरा भाव मिळायला लागला आणि लोक आपण होऊन यायला लागले.

बोर्डावरचा फोन मात्र घरीच असायचा. भागवत दिवसभर शेडांमध्ये, आणि शेडमध्ये हात धुऊन गेल्यावर फोनला हात लावायचा नाही हा त्याचाच नियम. त्यामुळे फोन उचलायचं काम सुरेखाकडे आलं. आधी ती फक्त निरोप घ्यायची. मग निरोप देणाऱ्या बायका तिच्याशी घटकाभर बोलायला लागल्या. आणि हल्ली तर भागवत एखाद्या शेडवर पोचला, की घरातली बाई त्याच्या मागे रस्त्याकडे बघायची आणि विचारायची, "वहिनी न्हाई आल्या?"

भागवतच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. एका लग्नपत्रिकेवर सुरेखाचं नाव त्याच्या आधी होतं. एका बाईने डोंगरातली टोपलीभर सीताफळं पाठवली, तीही वहिनीसाठी. सीताफळं साखरेसारखी गोड होती, पण भागवतने अर्धंच खाऊन हात धुतले. त्यात सुरेखा मधूनच म्हणायची, "अहो, त्या अमक्यांची चॉकी आठ दिवस उशिरा आणायला सांगा."

चॉकी म्हणजे केंद्रात वाढवलेल्या रेशमाच्या लहान अळ्या. त्या ठरल्या तारखेला आणायच्या आणि पुढे शेडमध्ये तुतीचा पाला घालून मोठ्या करायच्या.

"कावून?" भागवत विचारायचा.

"पाला कोवळा वाटतोय त्यांच्या बोलण्यावरून."

भागवतला ते पटायचं नाही, पण तो तारीख पुढे ढकलायचा, बॅच झकास निघायची आणि शाबासकी तो स्वतःच्या खिशात घालायचा. एकदा बाजारात एका शेतकऱ्याने चारचौघांत म्हटलं, "सर, तुमच्या घरच्यांनी सांगितलेली तारीख लई मानवती बघा." भागवत हसला. हातातला चहा मात्र त्याने ओतून दिला.

तर अशा दिवसांत ऋतुजाचा फोन आला होता.

मोहनरावांचं गाव पाटोद्याच्या अलीकडे. तालेवार माणूस, गावात शब्दाला वजन. त्यांनी रेशमाचं शेड बांधलं तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. पण पहिल्या दोन्ही बॅचेस पोचट निघाल्या. कोष बोटात दाबला की पापडासारखा चेपायचा. आता गावातले बाकीचे शेतकरी थांबून होते. मोहनरावांची ही बॅच साधली, तर सगळं गाव भागवतचा वर्षाचा सल्ला बांधून घेणार होतं. तेवढं एक गाव हाती आलं की भागवतला पुन्हा कुणाच्या दारात काम मागायला जावं लागणार नव्हतं. आणि नाही साधली, तर मोहनरावांचा शब्द पार आष्टीपर्यंत पोचणार होता.

भागवतने चॉकी आधी ठरलेल्या तारखेलाच आणली. मध्ये दोनदा जाऊन आला. शेड थंड, गोणपाटं ओली, तुती हिरवीगार. "पाला वेळेवर पडतो ना?" त्याने विचारलं.

"घड्याळ लावून," मोहनराव अळ्यांकडे बघत म्हणाले. "लक्ष्मी हाय ती आमची. तिचं कसं चुकंल?"

ऋतुजा दाराआड उभी होती.

बॅच गेली. शेवटची कात टाकल्यावर अळ्या आठवडाभर अधाशासारख्या खातात आणि कोषाचं वजन त्या आठवड्यातच ठरतं. नेमक्या त्याच दिवसांत अळ्या मलूल पडल्या आणि कोष पुन्हा पोचट आले. मोहनरावांचा फोन आला. "सर, या. आन् वहिनींना बी संगं घेऊन या."

ओट्यावर गावातली चारपाच जाणती माणसं बसली होती. मोहनरावांनी कोषांची पाटी मध्ये ठेवली. आवाज चढवला नाही.

"सूनबाई म्हणती, चॉकी यायच्या आधी तिनं तुमच्याकडं फोन केलता. तारीख पुढं घ्या म्हणून सांगायला. कावून, तर बोलत न्हाई. पण फोन केलता म्हणती. खरं हाय का?"

हो म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, मग निरोपाचं काय झालं. नाही म्हणावं तर सून खोटी पडते. त्याने पाटीकडे बघितलं, मग माणसांकडे बघितलं.

"खरं हाय," सुरेखा म्हणाली. "यांनी मला निरोप दिलता. पाल्याचंच होतं. मीच इसरले."

दाराशी चहाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या ऋतुजाने मान वर केली आणि सुरेखाकडे बघितलं.

"बघा सर," मोहनराव भागवतकडे वळले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "बायकांच्या हाती धंदा दिला की असं व्हतं. फोन आपल्याजवळ ठेवत जा. तुमच्यावर राग न्हाई. अजून एक बॅच बघू."

ऋतुजाने चहा दिला. भागवतला हातात दिला. सुरेखाचा कप खाली फरशीवर ठेवला आणि ती आत निघून गेली.

परतताना मांजरसुंब्याला सुरेखाने गाडी थांबवायला सांगितली. टपरीमागच्या बाकावर बसली. ती घाटातून चढणारे ट्रक बघत होती.

"राँग नंबर लागलता ना तुमाला," ती म्हणाली.

भागवतने मान खाली घातली.

"त्यांच्या घरात त्या चार दिवसांत बाईनं शेडात पाऊल टाकायचं न्हाई. मोहनराव अळ्यांना लक्ष्मी म्हणत्यात ना. एरवी समदा पाला ऋतुजाच टाकती. ती बाजूला बसली की गडी दुपारच्याला एकदा येतो, सुकल्या फांद्या फेकतो आन् जातो. ऐन खायच्या दिवसांत अळी उपाशी. पोचट न्हाई तर काय व्हणार?"

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमाला सांगंल व्हय बाई? मला बी शपत घालून सांगितलंय. आन् ती एकटी न्हाई. लई घरांत हाय हे. सासऱ्याशी भांडता येत न्हाई, म्हणून मी तारखा मागंपुढं करायला सांगते. तेवढंच हातात हाय आपल्या."

भागवतच्या डोळ्यांसमोर एकेक शेड आलं. आठ दिवस उशिरा आणलेली एकेक चॉकी आणि त्याने घेतलेली एकेक शाबासकी. खरं तर त्याला शरम वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण मागाहून. आधी पोटात तीच जुनी आग उठली. बायकांनी एवढं तिला सांगितलं. उन्हातान्हात शेडं पालथी घालणारा मी, आणि मला एकीनेही सांगितलं नाही.

"मग तिथं माझं नाव का नाही घेतलंस?"

"बोर्डावर तुमचंच नाव हाय," सुरेखा म्हणाली आणि चहा न घेताच उठली.

त्या दिवसापासून फोन भागवतच्या खिशात राहू लागला. त्याला हवं होतं तसंच सगळं झालं. वहिनी हायत का, असं कुणी विचारेना. ऋतुजाकडून ती गोष्ट तिच्या मावशीकडे गेली, मावशीकडून शेजारच्या गावात गेली. नेकनूरच्या वहिनीला आपलं गुपित सांगावं आणि तिनं ते विसरून जावं, एवढी का आपली किंमत, असं बायका म्हणायला लागल्या. आता फोन यायचे ते पुरुषांचे, आणि तेही कोषाचा भाव विचारायला. एक बॅच मध्यम निघाली, मग दुसरी. भागवत पाला बघायचा, पावडर बघायचा, थर्मामीटर बघायचा. कारण त्याला आता ठाऊक होतं, पण कुठल्या घरात कुठले दिवस, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

घरी आला की तो फोन मुद्दाम सुरेखासमोर फळीवर ठेवायचा. ती फळी पुसायची, फोन उचलून पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. तिने कुणाच्या बॅचची चौकशी केली नाही. तिचं ते गप्प बसणंसुद्धा भागवतला सलायचं. आपल्याला असं मोठेपणाने गप्प बसता आलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं.

मोहनरावांची चॉकी त्याने या वेळी अंदाजाने आठ दिवस पुढे नेली. पण बाईच्या पाळीचे दिवस असे अंदाजाने कळत नाहीत. अळ्यांनी शेवटची कात टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी तो गावात पोचला, तेव्हा मोहनराव कोर्टाच्या तारखेला बीडला गेले होते. ऋतुजा गोठ्याच्या कडेला वेगळ्या पोत्यावर बसली होती.

"काही अडचण, ताई?"

"न्हाई सर," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "समदं बरं हाय."

शेडला बाहेरून कडी होती. भागवतने पाय धुतले, हात धुतले आणि कडी काढली. आत रॅकवर नुसत्या सोललेल्या काड्या उरल्या होत्या. त्या काड्यांवर हजारो अळ्या डोकी वर उचलून इकडेतिकडे हलवत होत्या. दाराबाहेर ओल्या गोणपाटाखाली तुतीच्या ताज्या फांद्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. तिने सकाळी कापून आणल्या असणार. उंबऱ्यापर्यंतचं सगळं तिने केलं होतं.

"गडी?"

"आला न्हाई."

आजवर भागवतने कुणाच्या शेडमध्ये एक फांदी उचलली नव्हती. सल्लागार राबायला लागला की त्याला कुणी विचारत नाही, असं त्याचं मत होतं. त्याने बाह्या दुमडल्या, फांद्यांचा भारा आत ओढला आणि पाला टाकायला सुरुवात केली. पहिला रॅक झाला, दुसरा झाला. ऋतुजा उठून दारापासून लांब, पण आतलं दिसेल अशी येऊन उभी राहिली. तिला राहवलं नसावं.

"शेंडे एकाच बाजूला यायलेत सर. एक फांदी अशी, एक तशी टाका."

भागवतने तसं केलं. हात थांबवून बोललो तर बोलवणार नाही, हे ओळखून त्याने पाला टाकता टाकताच तोंड उघडलं.

"ऋतुजाताई, तुम्ही फोन केला तेव्हा सुरेखा घरीच होती. अंगणात. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तिला निरोप दिलाच नाही."



"मग त्या तशा कावून बोलल्या?"

"माझी अब्रू जाऊ नये म्हणून." पुढची फांदी टाकत तो म्हणाला, "तुम्ही तिलाच विचारत होता. ते मला सहन होत नव्हतं."

तो बाहेर आला. खिशातून फोन काढून त्याने सुरेखाचा, फक्त घरच्यांपुरता असलेला नंबर लावला आणि ऋतुजापुढे धरला. ती दोन पावलं मागे सरली. भागवतच्या लक्षात आलं. त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि तो बाजूला झाला. तिने तो उचलला, कानाला लावला आणि ती गोठ्याच्या भिंतीपलीकडे गेली.

"वहिनी, मी ऋतुजा," एवढं त्याला ऐकू आलं. मग बराच वेळ हलक्या आवाजातलं बोलणं चाललं. मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला. भागवत आत जाऊन पाला टाकत राहिला. शेवटच्या रॅकशी होता तेव्हा भिंतीपलीकडे ऋतुजा हसली. थांबली आणि पुन्हा खळखळून हसली.

भागवतचा हात फांदीसकट थांबला. कशाला हसल्या असतील? मलाच हसल्या असतील. पोटात पुन्हा तसंच जळलं, जरासुद्धा कमी नाही. त्याने कान तिकडे लावले. पण चारही बाजूंनी अळ्या खायला लागल्या होत्या, आणि त्या खाण्याच्या आवाजात त्याला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.