सोमवारचे आकडे

द्रावण थेंब थेंब मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीवर, म्हणजे ब्युरेटवर, दोन रेघांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर अंतर असतं. द्रावण त्या दोन रेघांच्या मध्ये नेमकं कुठे थांबलं, तो शेवटचा आकडा नजरेनंच ठरवावा लागतो. मुरलेली नजर असली की शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे येत राहतात. घाईतली नजर मात्र शून्यावर नाहीतर पाचावर जाऊन टेकते.

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई नोंदवही उघडून बसल्या होत्या. तीन सोमवार, बेचाळीस नोंदी. त्यातल्या एकेचाळीस शून्यावर किंवा पाचावर संपलेल्या. आणि खाली सही घारताईची! जिच्या नजरेमुळे सगळ्यांनी तिला हे नाव ठेवलं, तिची. मंगळवार ते शनिवारचे आकडे मात्र निर्मळ.

बाईंना रागाआधी कुतूहल वाटलं. रोज चुकत असती तर चष्मा बदल म्हणून सांगितलं असतं. पण फक्त सोमवारी?

भांडार सांभाळणारे काका बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते.

"काका, घारताई सोमवारी कधी येते हो?"

"दुपारी. धापा टाकत. अर्धी रजा असते तिची, दाढ दुखते म्हणे."

"तीन सोमवार?"

"तेच तर! एवढ्यात माझी अख्खी कवळी बसली होती, बाई."

रजेची वही चहाच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली असे. बाईंनी पानं उलटली. कारणाच्या रकान्यात ओळीनं दाढ, दाढ, दाढ. त्या वही काढून खोलीत घेऊन आल्या, घारताईला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

आकडे पुढे सरकवताच घारताईचा चेहरा उतरला. "अंदाजानं लिहिलेत. हात थरथरत होता." नियम तिला पाठ होता: अंदाजानं लिहिणारा ब्युरेटवरून उठतो आणि बाटल्या धुवायला बसतो. "मला काढू नका, बाई. आत्ता तर नकोच."

"आत्ता म्हणजे?"

"सोमवारी सकाळी कोर्टात समुपदेशन असतं. आमचं नवरा-बायकोचं. घरात वर्षभर भांडणं चालली आहेत. तिथल्या मॅडम दर वेळी विचारतात, तुमचं नक्की काय ठरलंय? मी म्हणते, पुढच्या सोमवारी सांगते. बाहेर पडलं की हे म्हणतात, आधी नोकरीत टिकून दाखव, मग एकटी राहण्याच्या गप्पा मार."

"मग दाढ कशाला काढलीस मध्ये?"

"कारण लिहिल्याशिवाय रजा मिळत नाही ना. आणि वही चहापाशी. सगळे चहा घेता घेता वाचतात."

बाईंनी वहीकडे पाहिलं. तो रकाना त्यांनीच आखला होता, वही त्यांनीच तिथे टांगली होती. घारताईच्या नजरेत त्या जी चूक शोधत होत्या, ती या वहीत होती. त्यांनी पट्टी घेतली, रकान्यावर सरळ काट मारली आणि वही स्वतःच्या खणात टाकली.

"सोमवारी पूर्ण रजा. कारण लिहायचं नाही, सही मी करीन. कोर्टातून धावत येऊन ब्युरेटला हात लावायचा नाही. वकिलांना फोन करायचा असला तर ही खोली घे, मी बाहेर बसेन."

"आणि हे आकडे?"

"नमुने महिनाभर ठेवतो ना आपण? बेचाळीसच्या बेचाळीस उद्यापासून पुन्हा तपासायचे. ज्यांना अहवाल गेलेत त्यांना मी कळवते."

"माझं नाव घालून?"

"अहवालावर सही माझी आहे."

घारताईनं डोळे पुसले. "म्हणजे ब्युरेट माझ्याकडेच?"

"तुझ्याकडेच. पण अंदाजाला माफी नाही हं. हात थरथरला तर येऊन सांगायचं, आज जमत नाही म्हणून. एवढं सांगता येईल?"

घारताईनं समोरची नोंदवही मिटली.

"येईल," ती म्हणाली. मग खुर्चीत सरळ होऊन, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "बाई, मला त्यांच्यासोबत राहायचं नाही. मी घटस्फोट घेणार आहे."